जुन्या गाडीचं इंजिन ऑईल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

गाडीखाली फरशीवर काळा डाग दिसला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "चेंबरचं पॅकिंग गेलं." मग चेंबर उतरतं, नवं पॅकिंग बसतं, वर अर्धी ट्यूब सिलिकॉन फासलं जातं, आणि आठवड्याभरात डाग पुन्हा हजर. चेंबर हा इंजिनचा सगळ्यात खालचा भाग. वर कुठेही गळलं तरी तेल ओघळत तिथेच येणार. शिवाय गाडी पळताना समोरचं वारं आणि रेडिएटरचा पंखा तेच तेल मागे ढकलतो. त्यामुळे थेंब जिथे पडतो, ती जागा बहुतेक वेळा गळतीची नसते.

मारुती ८००, ओम्नी, झेन, इंडिका, सुमो, बोलेरो अशा वय झालेल्या गाड्या मराठवाड्यात तालुक्याच्या आणि वाडीवस्तीच्या रस्त्यांवर अजून भरपूर पळतात. हे सगळं त्या गाड्यांसाठी लिहिलंय. घरच्या अंगणात काय करता येईल आणि मिस्त्रीवर काय सोपवावं, ते जागोजागी सांगितलंय. खालचा क्रम मात्र मोडू नका. पॅकिंग बदलणं हे यातलं शेवटचं काम आहे आणि लोक सुरुवात तिथूनच करतात.

१. गळतंय ते इंजिन ऑईलच आहे का?

रात्री गाडी सपाट जागेवर लावा. निवडणुकीचा नाहीतर वाढदिवसाचा एखादा जुना फ्लेक्स घरात असतोच. तो पांढरी बाजू वर करून इंजिनखाली पसरा, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा आणि पुढच्या दोन चाकांच्या जागा त्यावर पेनने आखून घ्या. सकाळी थेंब कुठे पडलेत ते चाकांच्या हिशोबाने कळतं.

आता थेंब बोटावर घ्या. तपकिरी किंवा काळा, बुळबुळीत आणि डिपस्टिकवरच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीवरच्या) तेलासारखाच वाटला तर इंजिन ऑईल. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असलेलं असेल तर गिअर ऑईल. हिरवं, निळं किंवा लालसर, पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. पॉवर स्टिअरिंगचं तेल बऱ्याच गाड्यांत लाल असतं. डिझेल वासावरूनच कळतं. उन्हाळ्यात ए.सी. लावून आलेल्या गाडीखाली स्वच्छ पाण्याचं थारोळं दिसलं तर काही करायचं नाही, ते ए.सी.चं पाणी आहे.

सावध: चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ड्रायव्हरच्या पायाजवळ पातळ, फिकट पिवळं तेल दिसलं तर ते ब्रेक ऑईल असू शकतं. अशी गाडी "मोंढ्यापर्यंत तर नेतो" म्हणूनसुद्धा चालवू नका. मिस्त्रीला घरी बोलवा.

२. किती घाई आहे ते ठरवा

इंजिन गार असताना, सपाट जागेवर डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी भरा, बाकीचं नंतर. पातळी कुठे आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि किलोमीटरचा आकडाही टिपून ठेवा. पुढे गळती वाढली की कमी झाली, हे या दोन आकड्यांवरूनच ठरणार आहे.

वरच्या खुणेच्याही वर तेल असेल तर तो दोषच आहे. "जरा जास्तच टाक" म्हणणारे बरेच असतात. जास्तीचं तेल क्रँकच्या, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या खालच्या फिरत्या दांड्याच्या, घुसळणीत येतं, फेसाळतं आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडतं. मग गळती नसलेलं इंजिनसुद्धा ओलं दिसतं. तेल खुणेत आणा आणि दोन दिवस बघा. कधी कधी काम इथेच संपतं.

सावध: चालत्या गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला तर जिथे आहात तिथे इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत ओढत नेलेल्या गाडीचं क्रँक आणि बेअरिंगचं बिल सगळ्या पॅकिंगांच्या बिलाच्या कितीतरी पट येतं.

३. ब्रीदर तपासल्याशिवाय एकही पॅकिंग आणू नका

बहुतेक लोक हाच टप्पा वगळतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पिस्टनच्या रिंगमधून थोडा गॅस खाली चेंबरकडे उतरतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. पेट्रोल गाड्यांत बहुधा पी.सी.व्ही. व्हॉल्व्ह असतो, तो हा गॅस परत इनटेकमध्ये ओढून घेतो. ही वाट तुंबली की आत दाब साठतो आणि तो दाब तेलाला जिथे फट मिळेल तिथून बाहेर ढकलतो. मग तुम्ही टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या अगदी वरच्या झाकणाचं, पॅकिंग बदलता, तर तेल क्रँकच्या सीलमधून येतं. तेही बदलता, तर डिपस्टिकच्या नळीतून येतं. आमच्या ओळखीच्या एका काकांच्या सुमोत असंच चाललं होतं. चेंबर दोनदा उतरलं आणि शेवटी निघाली ती चिकट काजळीने पार बुजलेली ब्रीदरची नळी. उभ्या राहिलेल्या गाडीत तर उघड्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशी मातीचं घर करून ठेवते, तेही बघा.

तपासणी अशी करा. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. ऑईल भरायचं झाकण फिरवून मोकळं करा आणि तिथेच नुसतं टेकवून ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून बाजूला पडलं आणि भोकातून धुराचे झोत ठोक्याठोक्याने येऊ लागले, तर आत दाब आहे. पेट्रोल गाडीत झाकणाच्या जागी वहीचा कागद धरून बघा. पी.सी.व्ही. नीट असेल तर कागद हलकासा ओढला जातो किंवा जागेवर फडफडतो, दूर फेकला जात नाही. डिझेलमध्ये थोडी फुंकर नेहमीचीच असते, तिला घाबरू नका.

दाब निघाला तर नळी काढून डिझेलमध्ये बुडवा, तारेने आणि हवेने साफ करा. मऊ पडून आत चिकटत असेल तर नवीच घ्या. पी.सी.व्ही. व्हॉल्व्ह कानाजवळ हलवा. खुळखुळला तर चालतोय, मुका असेल तर बदला. महाग वस्तू नाही. एअर फिल्टरही काढून बघा. उसाच्या ट्रॉल्यांमागे आणि शेतरस्त्याने फिरलेल्या गाडीचा फिल्टर काळ्या मातीने भरलेला असतो.

तपासा: नळी, व्हॉल्व्ह आणि फिल्टर साफ करूनही झाकण उडतंच, तर इंजिन "बॅक कॉम्प्रेशन मारतंय", म्हणजे रिंग आणि बोअर झिजलेत. मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. अशा इंजिनाला नवी पॅकिंगं टाकून काही महिने काढता येतात, पण गळती कायमची जाणार नाही. हे आधी कळलेलं बरं.

४. सामान जमवा, गाडी सुरक्षित उभी करा

गोटी पान्याचा सेट, १० आणि १२ एम.एम.चे रिंग पाने, टॉर्च, छोटा आरसा, जुने टूथब्रश आणि तारेचा ब्रश, लाकडी किंवा प्लॅस्टिकची खरवड, चिंध्या, रबरी हातमोजे, दोन-तीन लिटर डिझेल आणि साधी टाल्कम पावडर लागेल. जमलं तर टॉर्क पाना कुणाकडून उसना आणा. नसेल तर छोटा, वीतभर दांड्याचाच पाना वापरा. लांब दांडा हातात आला की माणूस जोर लावतोच.

गाडी उचलायची वेळ आली तर जॅक फक्त उचलायला, टेकवायला घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड. विटा, दगड, स्टेपनी यांच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. वीट फुटताना आवाजसुद्धा आधी येत नाही. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, हँडब्रेक ओढा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. शेणानं सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात घोडीखाली जाड फळी घ्या, नाहीतर तिचे पाय रुततात.

५. धुण्याआधी एकदा वाचून घ्या, मग स्वच्छ धुवा

इथल्या गाडीला एक फायदा आहे. काळ्या मातीची धूळ तेलावर बसते आणि तिचा थर साचतो. बॉनेट उघडून टॉर्चने बघा. जाड, कोरडा, खरवडल्यावर ढपली निघेल असा थर म्हणजे जुनी, हळूहळू पाझरणारी गळती. त्याच थरावरून एखादी ओली, चकाकणारी रेघ खाली उतरत असेल तर ती आजची गळती. सगळ्याचे फोटो काढा. धुतल्यावर हा पुरावा जाणार आहे.

धुणं इंजिन पूर्ण गार असताना, शक्यतो सकाळी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, कॉइल, एअर फिल्टरचं तोंड आणि उघडे कनेक्टर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधा. जाड थर खरवडीने काढा. मग ब्रशने डिझेल लावा, पंधरा मिनिटं मुरू द्या आणि चिंध्यांनी पुसत वरून खाली या. शेवटी निरम्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने डिझेलचा ओशटपणा काढा. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात बादलीभर पाण्यात हे भागतं, प्रेशर पंपाची गरज नाही.

सावध: पेट्रोलने इंजिन धुऊ नका. आसपास बिडी, सिगरेट, चूल नको. गरम इंजिनावर गार पाणी मारू नका. मळी आणि डिझेल खाली पसरलेल्या फ्लेक्सवर गोळा करा. बोअर, हौद किंवा जनावरांच्या पाण्याकडे एक थेंबही जाऊ देऊ नका.

तपासा: पांढऱ्या फडक्याने टॅपेट कव्हरची कड, ब्लॉकची पुढची आणि मागची बाजू पुसून बघा. फडकं काळं होत असेल तर अजून धुवायचंय. अर्धवट धुतलेल्या इंजिनावर पुढचा टप्पा फुकट जातो.

६. पावडरने जागा पकडा

पातळ कापडात टाल्कम पावडरची पुरचुंडी बांधा आणि कोरड्या इंजिनावर हलकेच आपटत जा: टॅपेट कव्हरच्या खाली, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर, ऑईल फिल्टरच्या बुडाशी, प्रेशर स्विचभोवती (ऑईलचा लाल दिवा लावणारा स्विच), चेंबरच्या कडेला आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर. पट्ट्यांवर आणि पुलीवर नको. पातळ पांढरा थर बसला की पुरे.

बॅटरी जोडा, इंजिन चालू करा आणि दहा-पंधरा मिनिटं आयडलवर ठेवा. गळ्यातलं उपरणं किंवा रुमाल काढून ठेवा, बाह्या वर करा. पंखा आणि पट्टा कुणाची गय करत नाहीत.

टॉर्च तिरपी धरून बघत राहा. आधी पावडर एका टिंबाएवढ्या जागी राखाडी होते. मग ते टिंब खाली लांबत जातं, केसाएवढी रेघ होते आणि बोल्टच्या डोक्याशी येऊन थांबते. तिथे थेंब जमतो, फुगतो आणि खाली सुटतो. नजर थेंबावर ठेवू नका. रेघेचं वरचं टोक शोधा, गळती तिथे आहे. जिथे डोकं जात नाही तिथे आरसा धरा, नाहीतर मोबाईल चालू ठेवून व्हिडिओ घ्या.

आयडलवर काही दिसलं नाही तर आठ-दहा किलोमीटर चक्कर मारून या, थोडा चढ असेल तर उत्तम. काही गळती फक्त गरम, पातळ तेलावर आणि जोर पडल्यावरच दिसते. उलट, कडक झालेली रबरी सील थंडीतल्या सकाळी गळतात आणि गरम झाल्यावर गप्प बसतात. म्हणून गार आणि गरम, दोन्ही वेळेला बघा.

इथे घाई नको. एकापेक्षा जास्त जागा ओल्या निघाल्या तर सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची आधी धरा. ती दुरुस्त करा, पुन्हा पुसा, पुन्हा पावडर लावा. खालच्या निम्म्या "गळत्या" तेवढ्याने नाहीशा होतात.

७. संशयितांची यादी, वरून खाली

टॅपेट कव्हरचं पॅकिंग हा जुन्या गाड्यांचा पहिला संशयित. तेल हेडच्या मागच्या बाजूने उतरून सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडतं आणि सिग्नलला उभं राहिलं की जळकट वास येतो. १६ व्हॉल्व्हच्या इंजिनांत स्पार्क प्लगच्या खड्ड्यात तेल सापडलं तर तीही याच कव्हरची, प्लगच्या नळीभोवतीच्या सीलची गळती.

कार्बोरेटरच्या मारुती ८०० आणि ओम्नीत डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. त्याचं रबर कडक झालं की तेल थेट गिअरबॉक्सच्या घरावर उतरतं आणि मिस्त्री म्हणतो, "मागचं ऑईल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." काही रुपयांच्या ओ-रिंगसाठी गिअरबॉक्स उतरलेल्या गाड्या कमी नाहीत. यांत्रिक पेट्रोल पंप असेल तर त्याच्या बुडाचं पॅकिंगही बघा.

जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकसाठीचा व्हॅक्युम पंप बऱ्याचदा अल्टरनेटरच्या पाठीमागे असतो आणि त्याला इंजिन ऑईलच्या नळ्या जातात. नळी कडक होऊन फुटली तर थोड्या वेळात इंजिन रिकामं होऊ शकतं, ब्रेकही जड होतो. अल्टरनेटर तेलाने माखलेला दिसला तर या नळ्या त्याच दिवशी बदला, रविवारची वाट बघू नका. टर्बो असेल तर त्याची परतीची तेलनळीही यातच धरा.

मग येतात ऑईल प्रेशर स्विच, ऑईल फिल्टर, कॅम आणि क्रँकची पुढची सील, चेंबर, ड्रेन बोल्ट आणि सगळ्यात शेवटी क्रँकचं मागचं सील. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातून तेल येत असेल तर ते घरचं काम नाही, हेड उतरवावं लागेल.

८. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलणं

इंजिन गार. प्लगच्या वायरांवर खडूने किंवा चिकटपट्टीने क्रमांक टाका, मगच काढा. कव्हरभोवतीची माती ब्रशने झाडा, नाहीतर ती कॅमवर पडेल. नट काढून कव्हर रबरी हातोडीने बाजूने हलकेच ठोका. चिकटलं असलं तरी स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला एक चरा पुढची सगळी पॅकिंगं गळवत राहतो.

जुनं पॅकिंग हातात घ्या. नखाने दाबलं तर खूण उमटत नाही आणि वाकवलं की दिवाळीनंतर डब्यात राहिलेल्या शेवेसारखं कटकट तुटतं. अशी अवस्था असेल तर नटांखालची रबरी वॉशरंही तितकीच म्हातारी झालेली असतात. ती सोबत बदला. नवं पॅकिंग टाकून जुनी वॉशरं ठेवली की तेल नटाच्या बुडातून येतं आणि लोक नव्या पॅकिंगला शिव्या देतात.

खाच आणि हेडची कड प्लॅस्टिकच्या खरवडीने साफ करा, शेवटी थिनरने पुसा. पत्र्याचं कव्हर असेल तर ते काचेवर उपडं ठेवून डुलतंय का बघा. नवं पॅकिंग कोरडंच बसवा. सिलिकॉन फक्त हेडच्या अर्धगोल कोपऱ्यांवर, ज्वारीच्या दाण्याएवढं. नट मधून सुरू करून तिरपे-आलटून, दोन फेऱ्यांत कसा. १० एम.एम.च्या पान्याने फिरणाऱ्या अशा बारीक बोल्टांना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

सावध: "गळतंय ना, अजून एक आटा आवळ" हा सल्ला ऐकू नका. जास्त आवळल्याने पॅकिंग कडेला फुगतं, कव्हर वाकतं, कधी हेडमधले आटेच उखडतात.

९. छोटी कामं: फिल्टर, स्विच, ड्रेन बोल्ट

फिल्टर काढताना जुन्या फिल्टरचं रबर त्याच्यासोबत निघालंय ना, ते डोळ्यांनी बघा. कधी ते ब्लॉकलाच चिकटून राहतं, वर नवा फिल्टर बसतो आणि दोन रबरांमधून तेलाची धार लागते. नव्या रबराला तेलाचं बोट लावा. रबर टेकल्यावर हाताने साधारण पाऊण आटा पुरे.

प्रेशर स्विचच्या प्लॅस्टिकमधून किंवा कनेक्टरच्या आतून तेल येत असेल तर स्विचच बदला, तो दुरुस्त होत नाही. आट्यांवर योग्य सीलंटचा हलका हात द्या, टोकाचे एक-दोन आटे कोरडे ठेवा आणि फार आवळू नका. तो पिचकतो.

ड्रेन बोल्टचं वॉशर प्रत्येक ऑईल बदलाला नवं घ्या. आटे घसरले असतील तर त्यावर टेफ्लॉन पट्टी गुंडाळून वेळ मारून नेणं धोक्याचं आहे. लेथवाल्याकडून आट्याचं काम करून घ्या.

१०. पुढची सील: इथे टायमिंगचा प्रश्न आहे

कॅम किंवा क्रँकच्या पुढच्या सीलमधून गळती असेल तर टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला ओल दिसते. सीलची किंमत किरकोळ, पण तिथपर्यंत पोचायला टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि कॅमची फिरण्याची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा, काढावा लागतो. आधी हे काम केलेलं नसेल तर मिस्त्रीकडेच द्या, पण समोर उभं राहून या गोष्टी बघा.

बेल्ट काढण्याआधी खुणा जुळवल्या का? तेलात भिजलेला बेल्ट पुसून परत लावत नाहीत ना? तो नवाच हवा. बेल्ट निघालाच आहे तर कॅम आणि क्रँक दोन्हीकडचं सील आणि टेन्शनर एकाच वेळी करून घ्या, मजुरी एकदाच जाते.

सील घेताना जुनं सोबत न्या. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे आकडे छापलेले असतात. मोंढ्याजवळच्या स्पेअरच्या दुकानात "८०० चं सील द्या" म्हणण्यापेक्षा ते आकडे दाखवा. बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. ओठाला तेल लावा आणि बाहेरच्या कडेइतक्याच व्यासाच्या पाइपाने सरळ ठोका.

तपासा: जुनं सील निघाल्यावर शाफ्टवरून नख फिरवा. सीलने झिजवून पाडलेली खाच नखाला लागली तर नवं सील त्याच खाचेवर बसून पुन्हा गळेल. जागा असेल तर सील एखादा मिलिमीटर मागे-पुढे बसवून ओठ कोऱ्या जागी आणता येतो. खाच खोल असेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागते.

११. चेंबर: खरंच तिथेच गळत असेल तरच

पावडरच्या रेघेचं वरचं टोक चेंबरच्या सांध्यावर असेल, तरच हे काम काढा. आधी सगळे बोल्ट छोट्या पान्याने तपासा. खराब रस्त्यांच्या हादऱ्यांनी सैल झालेले सापडतात आणि तेवढ्यावर भागतं.

उतरवावंच लागलं तर तेल कोमट असताना काढा. चेंबर निघालं की तेल ओढणारी जाळी बघा. आधी कुणी सढळ हाताने सिलिकॉन फासलं असेल तर त्याचे लाल-काळे तुकडे तिथे अडकलेले दिसतात. पॅकिंगपेक्षा मोठा धोका तो आहे, कारण जाळी बुजली की तेल वर चढत नाही आणि इंजिन जाम होतं.

पत्र्याच्या चेंबरची भोकं पूर्वीच्या आवळण्याने वर उचललेली असतात. कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून ती हलक्या हातोडीने खाली बसवा. नुसतं नवं पॅकिंग टाकून ही उंची जिरत नाही. दोन्ही पृष्ठभाग कोरडे करा. पॅकिंग येत असेल तर पॅकिंग, सिलिकॉनचा सांधा असेल तर फक्त सिलिकॉन, दोन्ही एकत्र नको. सिलिकॉनची रेघ साधारण ३ मि.मी., सलग, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. चेंबर लावून बोल्ट हलके टेकवा आणि पाकिटावर लिहिल्याप्रमाणे थांबून मग कसा. तेल दुसऱ्या दिवशी भरा. "संध्याकाळी लग्नाला जायचंय" म्हणून तासाभरात भरलेलं तेल कच्च्या सिलिकॉनमधून वाट काढतंच.

काढलेलं जुनं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या, तिथून ते पुनर्वापराला जातं. नाल्यात, उकिरड्यावर किंवा गोठ्याच्या खांबांना नको.

१२. मागचं सील: घाई करू नका

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखालच्या भोकातून थेंब पडत असेल आणि वरचे सगळे संशयित कोरडे असतील, तर क्रँकचं मागचं सील. पण वास घ्या. गिअर ऑईलचा वास असेल तर दोष गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या सीलचा आहे.

गिअरबॉक्स उतरवायची मजुरीच इथला मुख्य खर्च. दिवसाला दोन-चार थेंब आणि क्लच ठीक, तर पातळी बघत गाडी चालवा आणि क्लचप्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा सील करून घ्या. चढावर इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही असं होऊ लागलं, तर तेल क्लचवर गेलं असणार. मग थांबण्यात अर्थ नाही.

गळती थांबवणारी औषधं बाटलीत मिळतात. रबर थोडं फुगवून काही दिवस पाझर कमी करतात, पण फुटलेलं पॅकिंग, सैल बोल्ट किंवा झिजलेला शाफ्ट त्यांना जमत नाही. गाडी विकणारे ती वापरतात. जुनी गाडी घेताना धुतलेलं चकचकीत इंजिन दिसलं तर एवढं ध्यानात असू द्या.

१३. दुरुस्तीनंतरची चाचणी

तेल खुणेपर्यंत भरा. इंजिन चालू केल्यावर लाल दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. पाच मिनिटं आयडलवर ठेवून सांधे टॉर्चने बघा. मग बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पातळी पुन्हा बघा. फिल्टर नवा असेल तर त्यात तेल भरल्यामुळे पातळी थोडी उतरते, तेवढी भरून घ्या.

पुन्हा पावडर, पुन्हा चक्कर, रात्री पुन्हा फ्लेक्स. पहिले एक-दोन दिवस एखादा थेंब पडू शकतो, कारण कोपऱ्यांत आणि खाचांत अडकलेलं जुनं तेल उतरत असतं. तेवढ्यावरून काम बिघडलं असं समजून लगेच पाना उचलू नका. सांधा पुसा आणि पुन्हा बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही रेघ त्याच जागेवरून निघाली तरच काम परत उघडा. वेगळ्या जागेवरून निघाली तर ती दुसरी गळती आहे, तिच्यासाठी सहाव्या टप्प्यापासून सुरुवात करा. पाचशे किलोमीटरनंतर डिपस्टिक काढून आधीच्या फोटोशी ताडा. सगळं बाहेरून कोरडं आहे आणि तरीही पातळी उतरतेय, तर तेल आत जळतंय. सकाळी गाडी चालू करताना सायलेन्सरमागे कुणाला तरी उभं करा आणि निळसर धूर येतो का ते बघायला सांगा.